निवडुंगावर कलम: वऱ्हाडाच्या उन्हात कोणता खुंट टिकते?

संत्राडोळा (वरूड) | ११ फेब्रुवारी

राम राम मंडळी. आमच्या घरी संत्र्याची रोपवाटिका आहे, डोळा (कलमाची कळी) बांधणं म्हणजे घरातलं रोजचं काम, बाबा अजूनही हंगामात बसले की दिवसाला शेकड्यानं डोळे बांधतात. पण हा धागा निवडुंगाचा आहे. पोरीनं दोन वर्षांआधी नागपूरहून एक कुंडी आणली होती, खाली तीन धारांचा हिरवा दांडा आणि वर लालभडक गोळा. दोन वर्षं मस्त राह्यला, गोळ्याले आजूबाजूनं तीन पिलंही आली. आता या थंडीत खालचा दांडा बुडाशी तपकिरी पडला अन् बोटानं दाबला की पचकते. वरचा लाल गोळा मात्र टणक आहे, त्याले काहीच झालं नाही.

पोरगी रोज शाळेतून आली की आधी त्याच्यापाशी जाते, म्हणून हा जीव वाचवायचा आहे. गोळा काढून दुसऱ्या खुंटावर, म्हणजे कलमाच्या खालच्या झाडावर, बांधता येते का, हा एक प्रश्न. दुसरा अन् मोठा प्रश्न असा की आमच्याकडं संत्र्यासाठी जमीन पाहून खुंट निवडतात, जंबेरी का रंगपूर लाईम यावर नर्सरीवाले तासनतास बोलतात. मग निवडुंगासाठी आपल्या इकडच्या मे महिन्याच्या उन्हाले कोणता खुंट चांगला? दुकानात तर सगळे एकाच तीन धारांच्या दांड्यावर दिसतात.

काटेकोर (नागपूर) | ११ फेब्रुवारी

भाऊ, गोळा टणक आहे म्हणजे वेळ आहे, पण उद्यावर टाकू नका.

तुमचा तीन धारांचा दांडा म्हणजे ड्रॅगन फ्रूट, हायलोसेरियस. हो, तेच फळवालं. लाल गोळा म्हणजे जिम्नोकॅलिशियम. त्याच्यात हरितद्रव्यच नाही, त्यामुळं त्याला स्वतःचं अन्न बनवता येत नाही आणि मातीत लावला तर तो जगत नाही. त्याचं जेवण खालच्या हिरव्या दांड्यातूनच येते. म्हणून "गोळा काढून मुळं फुटू दे" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आधी दांडा बुडाकडून वर थोडा थोडा कापत जा. प्रत्येक कापात मधोमध एक कडं दिसेल, शिरांची रिंग. त्या रिंगमध्ये तपकिरी ठिपका किंवा रेघ असेल तर सड तिथपर्यंत पोचली आहे, अजून वर कापा. दर वेळी पातं स्पिरिटनं पुसा, नाहीतर तुम्हीच सड वर नेता. स्वच्छ हिरवा-पांढरा भाग चार बोटं जरी उरला तरी नवीन कलम बांधायची गरज नाही, तोच तुकडा सावलीत आठ-दहा दिवस सुकवून, काप टणक झाला की भुसभुशीत मातीत उभा करा, मुळं फुटतात. तपकिरी रेघ थेट जोडापर्यंत गेली असेल तर मात्र गोळा कापून नवीन खुंटावर बांधावा लागेल.

कोकणकडा | ११ फेब्रुवारी

आमच्याकडे हापूसची कलमं ढीगभर. आंब्याच्या खुंटावर हा गोळा लागतो का ओ? काटेरी आंबा तयार झाला तर वानरं तरी हात लावणार नाहीत.

काटेकोर | ११ फेब्रुवारी

@कोकणकडा वानरांचा त्रास समजू शकतो, पण नाही जमणार. कलम आपल्या कुळातच लागतं. निवडुंग निवडुंगावर, संत्रं लिंबाच्या कुळातल्या खुंटावर.

धुऱ्यावरचा (दर्यापूर) | १२ फेब्रुवारी

कुळाचा विषय निघाला म्हणून मुद्दाम लिहून राह्यलो, कोणाचा डोळा वाचला तर बरं. आपण मराठीत सगळ्याच काटेरी जाड खोडाले निवडुंग म्हणतो तिथं घोळ होते. आमच्या शेताच्या धुऱ्यावर त्रिधारी निवडुंग आहे, मले वाटलं हाही तीन धारांचा अन् दुकानातला खुंटही तीन धारांचा, म्हणजे एकच. कापला तर पांढरं दूध भळभळा आलं, त्याच्यावर गोळा बांधला, आठ दिवसांत गोळा सुटून पडला. अन् त्याच हातानं घाम पुसला तर डोळ्याची जी आग झाली, रात्रभर पाणी मारत होतो, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो तेव्हा उतरलं.

दूध निघते ते युफोर्बिया, एरंडाच्या कुळातलं. शेर, वई निवडुंग, त्रिधारी हे सगळे त्यातले. खरा कॅक्टस मूळचा अमेरिका खंडातला, अन् त्याचे काटे एका कापसासारख्या छोट्या गादीतून निघतात. ही गादी दिसली की कॅक्टस. आपला फड्या निवडुंग खरा कॅक्टस आहे, त्रिधारी नाही.

वनस्पतीवेडा (अकोला) | १२ फेब्रुवारी

@धुऱ्यावरचा फार कामाचं लिहिलंत. फड्याचाच विषय निघाला तर त्याची गोष्ट ऐका. तो इकडचा नाही. त्याच्यावर जगणाऱ्या एका किड्यापासून लाल रंग बनतो, कोचिनिअल, आणि त्या रंगाच्या व्यापारासाठी इंग्रजांच्या काळात हा किडा भारतात आणला. १७९५ साली जो आणला तो हवा होता त्या जातीचा नव्हताच, त्याचा रंग हलका निघाला. पण त्या चुकीच्या किड्यानं त्या वेळी माजलेला एक फड्या निवडुंग उत्तर आणि मध्य भारतातून जवळजवळ संपवून टाकला. किडीनं तण मारण्याचं जगातलं पहिलं उदाहरण म्हणून याचं नाव घेतात. पुढं १९२६ मध्ये दुसऱ्या जातीचा किडा श्रीलंकेहून आणून दक्षिणेतला फड्याही आटोक्यात आणला.

फड्यावर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर तो बोटानं चिरडून पाहा, लाल रंग निघाला की हाच किडा.

पुसदची माय | १२ फेब्रुवारी

आम्ही लहानपणी फड्याची लाल बोंडं खायचो, काडीनं तोडायची, मातीत लोळवून बारीक काटे काढायचे, जीभ लालेलाल. आई वळखायचीच.

संत्राडोळा दादा, माझ्या गच्चीवर वीस-बावीस कलमं आहेत, सगळी घरच्या सामानानं बांधलेली. रबर नसंल तर जुना पायमोजा चालते, गोळ्यावरून ओढून कुंडीखाली गाठ मारायची, दाब चहूकडून सारखा येते. पोरीले बांधायले लावा, लेकराचा हात हलका असते.

काटेकोर | १२ फेब्रुवारी

आता बांधायची पद्धत सविस्तर सांगतो, कारण अर्धी कलमं माहितीअभावी जातात.

खुंटाला दोन-तीन दिवस आधी पाणी द्या म्हणजे तो रसरशीत भरलेला असतो, सुकलेल्या खुंटावर कलम लागत नाही. दाढीची नवी पत्ती घ्या, स्पिरिटनं पुसा. खुंटाचं डोकं एका झटक्यात आडवं कापा, करवतीसारखं घासू नका. मग एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात: कापाच्या कडा तिरप्या छाटायच्या, पेन्सिलीला टोक करताना लाकूड उतरतं ठेवतो तशा. का, तर कापलेला भाग सुकताना मधला मऊ गर आत बसतो पण कडेची जाड साल तशीच उभी राहते, मग मध्ये वाटीसारखा खड्डा पडतो आणि वरचा गोळा उचलला जातो. बाहेरून कलम छान दिसतं, आतून कुठंच टेकलेलं नसतं.

कडा छाटल्या की वरून अजून एक पातळ चकती कापा, पण ती काढू नका, तशीच झाकणासारखी राहू द्या, खालचा काप ओला राहतो. मग गोळ्याचा बूड तसाच कापा, त्याच्याही कडा उतरत्या करा. चकती सरकवून टाका, गोळा ठेवा, थोडा गोल फिरवत दाबा म्हणजे मधली हवा निघून जाते. दोन्हीतल्या रिंगा एकमेकींवर आल्या पाहिजेत. रिंग लहानमोठी असेल तर मधोमध ठेवू नका, मुद्दाम एका बाजूला सरकवा म्हणजे दोन कडी कुठं तरी एकमेकींना कापतील. दोन ठिकाणी जरी गाठ पडली तरी लागतं. लहान कडं मोठ्या कड्याच्या बरोबर आत बसवलं तर कधीच लागत नाही.

नोटांचे दोन रबर कुंडीखालून घेऊन अधिक चिन्हासारखे. दाब सारखा पाहिजे. मग सावली, कापावर पाण्याचा थेंब नाही, दहा दिवस हात लावायचा नाही.

संत्राडोळा | १३ फेब्रुवारी

काटेकोर भाऊ, हे मी बाबांले मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणे संत्र्यात साल सुटली पाहिजे तरच डोळा आत जाते, खुंटाले पाणी नसंल तर साल सुटत नाही, म्हणून आधी पाणी, हे तर आपलंच. कड्याचं ऐकल्यावर उलीसक वेळ गप्प बसले, मग म्हणे संत्र्यात सालीच्या आत चिकट पडदा असते तोच इथं कडं होऊन बसला, दोघांचा पडदा भिडला पाहिजे, बाकी मधला गर नुसता भराव आहे.

दांडा कापून पाह्यला. तपकिरी रेघ थेट वरपर्यंत गेली आहे. म्हणजे बांधणंच आहे. आता खुंट सांगा.

नवतपा (चंद्रपूर) | १३ फेब्रुवारी

खुंटावर मी बोलतो, कारण आमच्याएवढं ऊन कोणाकडंच नाही. माझी ड्रॅगन फ्रूटवरची कलमं दोनदा गेली. पहिली मे महिन्यात, दांडा पश्चिमेच्या उन्हानं पिवळा मग पांढरा पडून भाजला. दुसरी जानेवारीत, पारा १० च्या खाली गेला अन् कुंडी ओली होती, बुडातून सडला. तुमच्यासारखंच. हा खुंट दमट उष्ण प्रदेशातला आहे, पटकन वाढते, स्वस्त मिळते, कलम लवकर धरते, म्हणून विकणारे तोच वापरतात. त्यांचं काम विकेपर्यंत.

मी आता मायर्टिलोकॅक्टसवर बांधतो. निळसर हिरवा, गुळगुळीत, पाच-सहा धारा, मेक्सिकोचा. उन्हाले घट्ट. आपल्याकडची थंडी कोरड्या कुंडीत काढते. तीन उन्हाळे झाले, खुंट जागच्या जागी आहे.

अजून एक, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. निवडुंग दिवसा छिद्रं बंद ठेवते अन् रात्री थंडाव्यात उघडते. आमच्याकडं मे महिन्यात रात्रही तापलेली असते, तर झाड जवळपास झोपून जाते, पाणी ओढत नाही. आपल्याले वाटते एवढं ऊन आहे तर पाणी द्या, अन् तेच पाणी बुडाशी उकळून सड होते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ जहाल दिवसांत, पाणी कमी, तेही रात्री.

पऱ्हाटी (यवतमाळ) | १३ फेब्रुवारी

मायर्टिलो खेड्यात कुठं मिळते राजेहो? माझं मत सेरियसले. तो उंच खांबासारखा निवडुंग, जुन्या बंगल्यांच्या अन् ऑफिसांच्या आवारात दोन माणसं उंच उभा असते, रात्री पांढरं मोठं फूल येते. एक फांदी मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. त्या फांदीचे वीतभराचे तुकडे, सुकवून लावा, मुळं धरली की खुंट तयार. कोण पाणी घालते त्याले वर्षानुवर्षं? कोणीच नाही, तरी उभा आहे. गावाच्या उन्हात वीस वर्षं उभं राह्यलेलं झाड सोडून बाहेरचा खुंट काऊन आणायचा?

नवतपा | १३ फेब्रुवारी

@पऱ्हाटी सेरियस दणकट आहे, मान्य. पण त्याचं कडं मोठं असते, बारक्या पिलासाठी अवघड जाते. अन् तो स्वतःच एवढा जोरात वाढते की वरचा गोळा फुगून आकार बिघडते.

पऱ्हाटी | १३ फेब्रुवारी

कोवळ्या शेंड्याचा तुकडा घ्या, कडं बारीक असते. फुगते तर फुगू द्या, उन्हानं मरण्यापेक्षा बरं.

साधंझाड (वर्धा) | १४ फेब्रुवारी

सगळे कलमाच्या बाजूनं बोलताहेत म्हणून माझं वेगळं मत मांडते. मी पंधरा वर्षं निवडुंग वाढवते, सगळे स्वतःच्या मुळावर. कलमी झाड पोसलेल्या कोंबडीसारखं दिसतं, भराभर फुगलेलं, काटे विरळ, खऱ्या झाडाचा बांधा नाही. बियाणं टाकून बोटाएवढा ॲस्ट्रोफायटम व्हायला मला चार वर्षं लागली, पण त्याचे पांढरे ठिपके पाहिले की चार वर्षं आठवतात. ज्यात हरितद्रव्यच नाही असा जीव माणसानं दुसऱ्याच्या डोक्यावर बांधून जगवायचा हे मला मनापासून पटत नाही. लाल गोळ्याऐवजी पोरीला एक साधा हिरवा जिम्नोकॅलिशियम (जिम्नो) द्या, त्याला गुलाबी फूल येईल, आणि तो तिच्या लग्नापर्यंत टिकेल.

वनस्पतीवेडा | १४ फेब्रुवारी

@साधंझाड ताई, स्वतःच्या मुळावरच्या झाडाबद्दल तुम्ही म्हणता ते सौंदर्य मलाही कळतं. पण लाल गोळा माणसानं रंगवून केलेला नाही, तो निसर्गातच झालेला बदल आहे. मूळ झाड पॅराग्वेकडचं, हिरवट तपकिरी. जपानमध्ये १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला एइजी वातानाबे नावाच्या रोपवाटिकावाल्याला हजारो रोपांच्या वाफ्यात दोन लाल रोपं दिसली. तशीच ठेवली असती तर दोन-चार आठवड्यांत मेली असती. त्यानं ती खुंटावर बांधली म्हणून आज तुम्ही-आम्ही पाहतो, पुढं दक्षिण कोरियानं याचा निर्यातीचा मोठा धंदा उभा केला. त्याचा लाल रंग बीटातल्या रंगाच्याच कुळातला आहे, हिरवं झाकण नाही म्हणून उघडा दिसतो.

आणि कलमाच्या जोडातून कधी तिसरंच काही निघतं. खुंट आणि गोळा दोघांच्या पेशी मिसळून एकच कोंब फुटतो, लाल गोळा आणि ड्रॅगन फ्रूटच्या अशा मिश्र कोंबाला हायलोकॅलिशियम म्हणतात. संत्र्याच्या घरी हे सांगायला मला विशेष आनंद होतोय, कारण असं पहिलं प्रसिद्ध झाड लिंबाच्याच कुळातलं होतं. १७ व्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्सला एका झाडाच्या जोडाजवळून फुटवा आला, त्याच्या एकाच फळावर आंबट संत्रं आणि महाळुंग दोन्हीच्या फोडी. त्याला बिझारिया म्हणतात.

संत्राडोळा | १४ फेब्रुवारी

साधंझाड ताई, तुमचं वाचून पोरीले विचारलं, हिरवा आणू का. ती म्हणे हिरवाही आणा, पण याले मरू देऊ नका. तर दोन्ही करू.

वनस्पतीवेडा सर, बिझारियाचं ऐकून बाबा म्हणे आमच्यात खुंटाचा फुटवा आला की पानसोट म्हणून पहिल्या दिवशी मोडून टाकतो, कोण जाणे काय काय मोडलं असंल आजवर.

शांतिनिवास | १५ फेब्रुवारी

घरात काटेरी झाड ठेवू नये, भांडणं होतात असं आमच्याकडं मानतात. कोणाला अनुभव आहे का?

पुसदची माय | १५ फेब्रुवारी

बाई, बावीस कलमं अन् चाळीस वर्षांचा संसार, दोन्ही एकाच घरात आहेत. मनात किंतु असंल तर गच्चीवर ठेवा, निवडुंगाले तिथंच आवडते, ऊन-वारा भेटते.

वैनगंगाकाठ (पवनी) | १५ फेब्रुवारी

मातीबद्दल कोणीच बोललं नाही. आपली काळी माती निवडुंगाला विष आहे, पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगा पडून मुळं तोडते. मी जाड रेती, मुरूम आणि विटांचे चण्याएवढे तुकडे घेते, त्यात पाचवा हिस्सा कुजलेलं शेणखत. आमच्याकडे धानाचे पट्टे, राइस मिलबाहेर तुसाचा डोंगर, तो तूस अर्धवट जाळून काळा कोळसा झाला की विझवायचा आणि मिसळायचा. हलका, पाणी निथळतो, फुकट. राख होऊ द्यायची नाही, राख चिकटते आणि खारी असते. कुंडी मातीचीच, प्लास्टिकची उन्हात तापते.

पऱ्हाटी | १५ फेब्रुवारी

ताईच्या मातीले माझी जोड. उलटी करून मुळं पाहत जा वर्षातून एकदा. मुळाशी पांढरा पिठासारखा थर दिसला तर पिठ्या ढेकूण, कापूसवाल्यांचा जुना वैरी. कलमाच्या जोडाच्या खाचेत तो हमखास बसते. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून काडीनं पुसा, आठ दिवसांनी परत. पण घरात जहाल औषध फवारू नका, हात जोडून सांगतो. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीनं किती माणसं गेली ते मी जवळून पाह्यलं. एका कुंडीसाठी ते पंपातलं औषध लेकरांच्या घरात आणायची काहीच गरज नाही.

संत्राडोळा | १७ फेब्रुवारी

काल रविवारी बांधलं. सांगतो सगळं.

मायर्टिलोचे दोन खुंट अमरावतीहून मिळाले. सेरियसची फांदी मामाच्या वाड्यातून आणली पण तिले अजून मुळं नाहीत, ती सुकत ठेवली. ड्रॅगन फ्रूटचे मुळं धरलेले तुकडे बाजूच्या वावरातून, तिथं खांबांवर लावलं आहे. मोठा गोळा मायर्टिलोवर, एक पिलू मायर्टिलोवर, दोन पिलं ड्रॅगन फ्रूटवर. गोळ्याचा बूडही आधी कापून पाह्यला, पहिल्या कापात उलीसा तपकिरी डाग होता, अजून दोन चकत्या काढल्यावर स्वच्छ पांढरं कडं दिसलं.

बाबांनी पहिलं पिलू त्यांच्या कलमचाकूनं कापलं, नेहमीच्या सवयीनं. कडा छाटल्या नाहीत अन् कापून मग रबर शोधत बसलो, पाच मिनिटं गेली. ते कसं राहते पाहू. पुढची तिन्ही पत्तीनं, कडा उतरवून, रबर आधी हातात घेऊन. पिलू ठेवल्यावर बाबांनी अंगठ्यानं उलीसं फिरवलं अन् म्हणे "बसलं". मी विचारलं कसं कळलं, तर म्हणे हवा निघाली की बोटाले चिकटल्यावाणी लागते. चाळीस वर्षांच्या बोटाले ते कळते, मले नाही कळलं.

पोरीनं पायमोजा बांधला, पुसदच्या माय.

पुसदची माय | १७ फेब्रुवारी

शाब्बास पोरी.

काटेकोर | १७ फेब्रुवारी

उत्तम. आता दहा दिवस दम धरा. रबर काढताना दोन्ही एकदम काढा, एक आधी काढला की दाब वाकडा होतो. जोड जमिनीपासून वर राहील हे बघा, पाणी देताना तिथं शिंतोडे नकोत.

संत्राडोळा | १७ फेब्रुवारी

ते तर आमच्यात पक्कं आहे, डोळा वीतभर वर बांधला नाही तर डिंक्या रोग लागते.

संत्राडोळा | ३ मार्च

रबर काढले. पहिलं पिलू, बाबांनी कलमचाकूनं कापलेलं, बोट लावताच सुटून हातात आलं. खाली पाह्यलं तर काटेकोर भाऊंनी लिहिलं तसंच, मध्ये वाटीसारखा खड्डा अन् कडा उभ्या. ते वाळून सुरकुतलं होतं, वाचलं नाही. बाबा ते हातात घेऊन बराच वेळ पाहत बसले. मग स्वतःहून म्हणे पुढच्या वेळी मी पत्तीच घेईन.

बाकीची तीन घट्ट आहेत. मोठ्या गोळ्याच्या डोक्यावर मधोमध नवीन काटे फुटून राह्यले, ताजे, फिकट.

काटेकोर | ३ मार्च

नवीन काटे म्हणजे खुंटाचं अन्न पोचलं. झालं तुमचं काम. आता पंधरा दिवसांत हळूहळू सकाळचं ऊन, एप्रिलपासून हिरवी जाळी. लाल गोळ्याला तसंही दुपारचं थेट ऊन सोसत नाही, हिरवा पदर नाही ना त्याला.

मोगरा९ | २० एप्रिल

धागा वर काढते. मी बाजारातून फुलं आलेला निवडुंग घेतला, महिना झाला तरी फुलं तशीच, कोमेजत नाहीत. कलमी असेल का?

साधंझाड | २० एप्रिल

ताई, फुलाचा बूड नीट बघा. वाळलेलं कागदी फूल गरम गोंदानं चिकटवलेलं असतं, बरेच विक्रेते करतात. झाडाच्या वाढीच्या टोकावर चिकटवलं असेल तर तिथून वाढ थांबते. हळूच मऊ करून काढा, जखम झाली तर सुकू द्या, पाणी नको. खरं फूल बहुतेक जातींत एक-दोन दिवस ते आठवडाभर, त्याहून जास्त नाही.

मोगरा९ | २१ एप्रिल

काढलं. खाली गोंदाचा गोळाच होता. खूप वाईट वाटलं झाडाचं.

संत्राडोळा | ९ जून

नवतपा संपला, मृगाचा पहिला पाऊस काल पडला. आता खुंटाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या अंगणातलं देतो.

चारही कुंड्या एकाच जाळीखाली, एकाच मातीत होत्या, वैनगंगाकाठ ताईंची रेती-विटा-तूस. ड्रॅगन फ्रूटवरचं पिलू जिवंत आहे पण खुंटाच्या पश्चिमेच्या धारा पिवळ्या पडल्या, एका जागी पांढरा भाजल्याचा चट्टा. मायर्टिलोचे दोन्ही खुंट निळे ते निळेच, फक्त मे महिन्यात उलीसे आकसले होते, आता पावसानं भरून आले. सेरियसच्या फांदीले मार्चच्या शेवटी मुळं आली, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या गोळ्याचं एक नवीन पिलू त्याच्यावर बांधलं, पऱ्हाटी भाऊ तुमच्या म्हणण्यानं कोवळ्या शेंड्यावर. ते बाबांनीच बांधलं, पत्तीनं. लागलं. अन् चारहीमध्ये उन्हाचं सर्वांत कमी वाटलं ते सेरियसले, एक डागही नाही.

तर आमच्या वरूडच्या उन्हाले सेरियस अन् मायर्टिलो दोन्ही चालतात, मायर्टिलोवर गोळा अंगानं देखणा राहते. ड्रॅगन फ्रूट सोपा आहे, शिकायले चांगला, पण त्याच्यावर बांधलं तर दोन-तीन वर्षांनी परत बांधायची तयारी ठेवा.

पऱ्हाटी | ९ जून

पाह्यलं ना नवतपा भाऊ.

नवतपा | ९ जून

पाह्यलं. मीही एक फांदी मागून आणतो. पण अजून दोन उन्हाळे जाऊ द्या, मग मोठ्या गोळ्याचा आकार पाहू.

काटेकोर | १० जून

पावसाळ्यात सगळे छपराखाली घ्या, वरून पडणारं पाणी नको, कलमं आता बांधू नका, दमट हवेत काप सुकत नाही, बुरशी धरतो. परत सप्टेंबरच्या शेवटी. आणि डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडा, तुम्ही आंबिया बहारासाठी (उन्हाळ्याआधीचा फुलोरा) संत्र्याला ताण देता तसाच. ताण दिला तर साध्या हिरव्या जिम्नोला फुलंही जास्त येतील.

संत्राडोळा | १८ ऑक्टोबर

मंडळी, मोठ्या गोळ्याले पाच पिलं झाली. बाबांनी काल स्वतःसाठी दाढीच्या पत्तीचं नवं पाकीट वेगळं आणून ठेवलं, त्याच्यावर पोरीनं "निवडुंग" असं लिहिलं. साधंझाड ताई, हिरवा जिम्नोही आणला आहे, तो स्वतःच्याच मुळावर राहील.

सेरियसच्या फांदीचे सात तुकडे मुळं धरून तयार आहेत. पोरगी म्हणते आता पिवळा पाहिजे. कोणाकडं पिवळ्या गोळ्याचं पिलू आहे का? बदल्यात मुळं धरलेला सेरियस पाठवतो, अन् दोन जंबेरीची रोपं.

पुसदची माय | १८ ऑक्टोबर

माझ्याकडं पिवळा आहे दादा. पिलू वाटाण्याएवढं आहे, उलीसं मोठं होऊ द्या, दिवाळीनंतर काढते अन् कोरड्या कागदात गुंडाळून पाठवते. पत्ता मेसेजमध्ये टाका. जंबेरी एकच द्या, गच्चीवर जागा नाही.